एकादशीला गरी टाकली

ठाण्याहून बेलापूरला जायचं त्याला ट्रिप म्हणायचं का, असं नणंदेने फोनवर विचारलं आणि मी जरा ओशाळलेच. ती सीवूड्सला राहते. ठाणे-पनवेल लोकल पकडली की तासाभरात तिच्या दारात. पण या वेळी सामानात मुलांचे तीन-तीन जोड कपडे, सगळ्यांच्या टोप्या, जुन्या चपला, सासूबाईंचा साबुदाणा आणि एक झाकणाची बादली होती. लोकलमध्ये समोरच्या बाईंनी बादलीकडे बघून विचारलं, "दूध का?" धाकटा म्हणाला, "मासे. अजून पकडले नाहीत."

दिवाळे कोळीवाड्यातला एक नाखवा (होडीचा मालक) आणि त्याचा पुतण्या घरच्या होडीतून नवख्या कुटुंबांना खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नेतात. शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर शिकवणी, रविवारी सकाळी होडी. पाच जणांचे चार हजार, त्यात गरी (गळ), तंगूस (नायलॉनची दोरी), आमिष सगळं त्यांचं. ओळखीतून नंबर मिळाला, पैसे पाठवले, एवढंच. अडलं ते तारखेवर. त्यांनी दिलेल्या रविवारी नेमकी पौषातली एकादशी. सासूबाई एकादशी धरतात आणि त्या दिवशी आमच्या ओट्यावर मासळी येत नाही. दुसरी तारीख मागायला फोन केला तर पलीकडून शांतपणे, "ताई, एकादशी हाय म्हनून तर बोलावलंय."

खुलासा असा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजायचं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा पाण्याला ओढ कमी. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा ओढ इतकी की नवख्याच्या दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टिकतच नाही. एकादशी या दोन्हींच्या मधली. पाणी चालतं, पण ओढून नेत नाही. शिवाय भरती सकाळी अशा वेळेला येते की मुलं जागी असतात आणि ऊन चढलेलं नसतं.

हे मी घरी सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अकरा पाऊण सव्वाआठ." त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं पाठ करून घेत. साठ वर्षांत पाऊणकी पहिल्यांदा उपयोगी पडली म्हणे. "येते मी. खाणार नाही, पण येते."

शनिवार, दशमी

रिक्षावाल्याला "बेलापूर जेट्टी" सांगितलं ही आमची चूक. त्याने वॉटर टॅक्सीच्या नव्या धक्क्यावर सोडलं. तिथे एक सुरक्षारक्षक आणि दोन कुत्री. तुम्ही गेलात तर "दिवाळे गाव, मासळी बाजार" एवढंच सांगा.

साडेतीनला पोचलो तेव्हा पाणीच नव्हतं. समोर नुसता काळाभोर, चकचकीत चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि लांब मध्यावर पाण्याची एक पट्टी. नवरा म्हणाला, "खाडी कुठे गेली?" नाखवा जाळं आवरत होता. "येल. जाते कुटं." साठीचा माणूस, अंगात बनियन, खांद्यावर रुमाल. बोलताना आपल्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो. पाणी नसलं तर ते जिकडून येणार तिकडे बघतो.

मग लक्षात आलं की चिखल हलतोय. धाकटा ओरडला, "बेडूक!" बोटाएवढा मासा, डोळे टाळूवर बसवल्यासारखे, पुढच्या दोन परांवर अंग रेटत चाललेला. थांबला, पाठीवरचा पर शिडासारखा उभा केला, दुसऱ्याच्या अंगावर धावला, आणि दोघेही आपापल्या बिळात. या निवट्या. गालांत पाणी भरून घेऊन बाहेर येतात आणि अंग ओलं आहे तोवर कातडीनेही श्वास घेतात. म्हणून मध्येच एका कुशीवर लोळून अंग भिजवून घेतात. ते लोळणं आम्ही दहा मिनिटं बघत होतो. पाचशे रुपये तिकीट काढून मत्स्यालयात काचेला नाक लावणारी माझी मुलं, ठाण्याच्या खाडीवरून रोज जाता-येता यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना कशाला, मलाही नव्हतं.

पुतण्या मुलांना तिवरांपाशी घेऊन गेला. (आपण शहरात खारफुटी म्हणतो, इथे तिवरं.) चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली मुळं दाखवली. चिखलात हवा नाही म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. मग एक पान तोडून थोरलीला म्हणाला, "चाट." तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चाटलं, आणि तोंड असं केलं की धाकट्यालाही लगेच पान हवं झालं. खारट! मुळातून आलेलं जास्तीचं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. उन्हाकडे तिरपं धरलं तर मिठाचे कण दिसतात.

शिकवणी जमिनीवरच झाली. दहा पावलांवर एक घमेलं, आणि गरी न लावता नुसतं शिसं बांधलेली काठी. शिसं घमेल्यात पडायला हवं. थोरलीचं चौथ्या फेकीला पडलं. नवऱ्याचं मागच्या होडीवर, मग स्वतःच्या पायावर, मग कुठे गेलं ते कळलंच नाही. रिळाचा गुंता सोडवण्यात पुतण्याची पंधरा मिनिटं गेली. शेवटी नाखव्याने काठी काढून घेतली आणि त्याच्या हातात लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस दिला. "तुमाला ही." लहान मुलं असतील तर मीही हेच सुचवेन. रिळाच्या काठीची मजा फेकण्यात आहे, पण मासा आला हे कळायला बोटावरचा तंगूसच बरा.

एक गोष्ट मला फार आवडली. मुलांना द्यायच्या प्रत्येक गरीचा उलटा काटा नाखव्याने पक्कडीत धरून सपाट दाबला. एकेक गरी डोळ्याजवळ नेऊन, अंगठ्यावर घासून बघितली, मग डब्यात टाकली. बारा गऱ्या. "मासा सुटल यानं," तो म्हणाला, "पन पोराच्या बोटातनं बी सुटल."

साडेपाचपर्यंत चिखलावर पाणी चढलं. त्याला आवाज असतो, बारीक, भात शिजताना येतो तसा. फग लावायचे ते याच वेळी. फग म्हणजे लोखंडी कडी, तिला जाळ्याची झोळी, मध्ये बांधलेला कोंबडीचा पाय. दोरी धरून सोडायचा आणि पंधरा मिनिटांनी एका दमात वर ओढायचा. हळू ओढलात तर चिंबोरी उतरून जाते. आम्हाला एक मिळाली, तळहाताएवढी पण नाही. नाखव्याने उलटी करून पोटावरची झडप दाखवली. निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी. अंगठ्याने पोट दाबलं, ते दबलं, म्हणजे नुकती कात टाकलेली, आत काही नाही. सोडून दिली. "चांदन्यात चिंबोरी हलकीच. अंदाऱ्यात या खायाला."

पाणी वर आलं तशी खाडीच्या तोंडाकडून रोहित पक्ष्यांची एक लांब, वाकडी रांग उठली आणि नेरूळच्या तळ्यांकडे गेली. भरतीत चिखल बुडाला की त्यांना चरायला जागा उरत नाही, म्हणून ते उथळ तळी गाठतात. नोव्हेंबर ते मे हे रोजचं येणं-जाणं आहे. पाम बीच रस्त्यावरच्या गाड्या खालून तशाच धावत होत्या. पलीकडे उलव्याच्या बाजूला दिवे लागले होते आणि पूर्वेला दशमीचा चंद्र चांगला वर आला होता.

संध्याकाळी लांब बाह्यांचे कपडे घाला. तिवरांतले डास मलमाला दाद देत नाहीत.

रात्री नणंदेकडे. वरण-भात, लवकर झोप. तिने अजून एकदा विचारलं, "पण ट्रिप का म्हणताय?"

रविवार, एकादशी

पावणेसातला होडीत. अंधार फिकट होत होता आणि खरंच थंडी होती. नवी मुंबईत स्वेटर घालायचा योग वर्षातून एखादा, तो आम्ही होडीत साधला. नारंगी जॅकेटं सगळ्यांना सक्तीची, नाखव्यालाही. सासूबाईंनी साडीवर जॅकेट चढवलं, पदर आत खोचला आणि खिचडीचा डबा मांडीवर घेऊन नाखव्याशेजारी बसल्या. नाखव्याने हात पाण्यात बुडवून कपाळाला लावला आणि इंजिन सुरू केलं.

पनवेल खाडीच्या कडेकडेने, तिवरांपासून वीसेक हातांवर, जेमतेम दीड पुरुष पाण्यात नांगर टाकला. नवख्यांना समुद्रात नेत नाही, म्हणाला. वाशी पुलाच्या वरच्या अंगालाही नाही, तिथे ऐरोलीपर्यंत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. या कडेच्या पाण्यात लाट नसते. माझ्यासारख्या बसमध्येही मळमळणाऱ्या बाईला काही झालं नाही.

आमिष म्हणजे कोळंबी, नखाएवढा तुकडा, साल ठेवून. सालीमुळे गरीवर टिकते. शिसं तळाला टेकवायचं, वीतभर वर घ्यायचं, आणि तंगूस तर्जनीवरून जाऊ द्यायचा. मग वाट. बोटावर टकटक झाली तर खरबी नाहीतर ढोमी कुरतडतेय, थांबायचं. बोट ओढलं गेलं की झटका द्यायचा. सांगायला सोपं आहे. आमची पहिली कमाई म्हणजे दुधाची पिशवी. दुसरीही. नाखव्याने दोन्ही गोणपाटात टाकल्या. पावसाळ्यात होडीभर निघतात, म्हणाला, आणि त्यापुढे काही बोलला नाही. मीच विषय वाढवला, तेव्हा पलीकडच्या काठावर बोट दाखवून त्याने नुसत्या जागा मोजल्या. तिथे भराव, तिथे भराव, तिथे सांडपाणी. त्या जागांची जुनी नावं त्याच्या तोंडात होती, आमच्या नकाशात नव्हती.

आजूबाजूला बोयी सारख्या उड्या मारत होत्या. हातभर लांब, पोट चमकवत. नवऱ्याने दोनदा त्यांच्या रोखाने आमिष फेकलं. नाखवा हसला. बोय गरीला येत नाही. ती चिखलावरचा शेवाळ-गाळ चाटते, कोळंबी तिला काय करायची? बोयीला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा. मग पुतण्याने होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहून पाग टाकून दाखवला. जाळ्याची एक कड दातात, एक कोपरावर, एक हातात. कमरेतून वळला आणि हवेत गोल परात उघडली. तीन बोयी. त्या आमच्या नव्हेत, पण टाळ्या आम्हीच वाजवल्या.

साडेसातच्या सुमाराला धाकट्याचा हात एकदम खाली गेला. त्याने तंगूस सोडला नाही, किंचाळत ओढत राहिला, आणि होडीत एक करडा, मिशांचा मासा आपटला. धाकटा त्यावर झेप घेणार एवढ्यात नाखवा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "हात नको लावू! शिंगाली हाय." पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक करवती काटा, विषारी. ओल्या फडक्यात डोकं धरून त्याने पक्कडीने तिन्ही काटे कडाकड मोडले, मग गरी काढली. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, त्याने विषाचा जोर उतरतो. म्हणून नाखव्याच्या होडीत एक थर्मास असतो. आम्हाला वाटलं होतं चहाचा.

शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरून पिल्लं होईपर्यंत सांभाळतो, तेवढे दिवस उपाशी. जाळ्यात आलेल्या एखाद्याचं तोंड उघडलं की गोट्यांएवढी अंडी घरंगळतात. धाकट्याने लगेच बापाकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ. याला म्हणतात उपास."

त्या स्वतः अर्धा तास नुसत्या बसून होत्या. मग म्हणाल्या, "नुसतं बोट ठेवते. धरत नाही." नवऱ्याच्या तंगूसवर तर्जनी टेकवली. दोन मिनिटांत, "कुरतडतंय." मग, "अजून कुरतडतंय... थांब... आता ओढ! ओढ तू, मी नाही!" खरबी. बोटभर, पण खरबी. पुढचा तासभर हेच चाललं. आमिष नवरा लावणार, शिसं नवरा सोडणार, बोट सासूबाईंचं, आणि ओढायचं पाप पुन्हा नवऱ्याचं. पाच खरब्या आणि दोन ढोम्या आल्या त्या सगळ्या त्यांच्या बोटावरून. एकादशी मोडली का? मी नाखव्याला विचारलं. "आमची एकादशी आषाढीची न् कार्तिकीची," तो म्हणाला. "आजींचं आजींनी बगावं."

थोरलीला काठीच हवी होती. ती चांगली फेकत होती, म्हणून आम्ही बेसावध झालो. एका फेकीत गरी मागे जाऊन बापाच्या दंडात, स्वेटरमधून थेट कातडीत. ती रडकुंडीला आली. पुतण्याने गरी मागे सरकवली आणि ती सुई निघावी तशी निघाली, उलटा काटा नव्हताच. रक्ताचा एक थेंब. फेकण्यापूर्वी "मागे!" म्हणून ओरडायचं, हा नियम त्यानंतर होडीत लागू झाला. तुम्ही पहिल्या मिनिटापासून लागू करा.

पुतण्याने मोबाइलमध्ये जिताड्याचा फोटो दाखवला, याच खाडीतला, त्याच्या कमरेपर्यंत येणारा. बहुतेक जिताडे नर म्हणून वाढतात आणि पाच-सहा वर्षांनी मादी होतात, म्हणून फार मोठा जिताडा म्हणजे मादीच. "वय झालं की अक्कल येते," सासूबाई म्हणाल्या. जिताडा आम्हाला मिळाला नाही. नवख्यांना मिळत नाही, आणि तसं आधीच सांगितलं होतं हे मला बरं वाटलं.

पावणेनऊला पाणी ठरलं. पाऊणकी सव्वाआठ सांगते, पण इथे आत खाडीत पाणी पोचायला अर्धा तास जास्त लागतो. तिवरांची मुळं, चिखल, कालचं सगळं पाण्याखाली. तंगूस सरळ उभा लोंबायला लागला आणि टकटक बंद. तेव्हा खिचडी खाल्ली. कोळंबीच्या वासाच्या हातांनी. सासूबाईंनी स्वतःपुरता चमचा आणला होता.

सकाळी लावलेले फग परतताना उचलले. चार निघाल्या, एक हलकी म्हणून सोडली. मोठीला बांधताना मी अगदी जवळून बघितलं. नाखव्याने पायाच्या तळव्याने तिची पाठ हलकेच दाबली, मागून सुतळी घातली, एका नांगीला वेढा, तीच सुतळी दुसरीला, आणि गाठ पाठीमागे. एका हाताने. दुसऱ्या हातात विडी होती. दरम्यान खाडीच्या तोंडाशी धुरकं फाटलं आणि अटल सेतूची रेघ दिसली. मागे वळलं तर बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज कुठेतरी इमारतींच्या मधे असायला हवा होता. तो शोधेपर्यंत सव्वादहाला धक्का आला. उशीर केला असता तर ओहोटीत चिखलातून चालत यावं लागलं असतं.

सोबत काय न्यावं: चिखलातून निघणार नाहीत अशा पट्ट्याच्या चपला (नवऱ्याची एक अजून तिथेच आहे), टोपी, पाणी, कोरडे कपडे, मासे आणायला बर्फ. सहा वर्षांखालचं मूल चार तास बसत नाही, दोन तासांचंच ठरवा. जून-जुलैत जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय नाखवा तसाही होडी काढत नाही.

चिंबोऱ्या टिकत नाहीत. त्या दुपारी नाखव्याच्या घरीच शिजवायच्या, असं ठरलेलं होतं. तिथल्या मावशींनी बारीक पाय मोडून वाटले आणि कपड्यातून गाळून त्यांचा रस रश्शात घातला. वाटण कांदा-खोबऱ्याचं, काळपट होईपर्यंत भाजलेलं. सोबत तांदळाची भाकरी. तीन चिंबोऱ्यांत चार जण, पण रस्सा होता. सासूबाई ओटीवर, दाराकडे पाठ करून, केळं आणि ताक घेऊन बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "कोकम घातलंय का शेवटी?" मावशींनी जीभ चावली आणि कोकम घालायला उठल्या. परत आल्या त्या ओटीवरच बसल्या. गुडघ्यांवरून विषय निघाला आणि आमची तीनची लोकल गेली.

सोमवार ते बुधवार

तीन शिंगाळ्या, पाच खरब्या, दोन ढोम्या, साफ करून, डब्यात, फ्रीझरमध्ये. रविवार एकादशीत गेला. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. धाकटा रोज शाळेतून आला की फ्रीझर उघडून मोजायचा. दहा आहेत ना.

बुधवारी सासूबाईंनी स्वतः कालवण केलं. शिंगाळीला वास असतो म्हणून आधी हळद-मीठ आणि चिंच चोळून ठेवली. खरब्या रव्यात घोळवून तळल्या, एकेकाला एकेक, आणि त्याही कुरकुरीत होऊन अर्ध्याच उरल्या. बाजारात शंभर रुपयांना याच्या दुप्पट आले असते, असं नवरा म्हणाला. कोणी उत्तर दिलं नाही, सगळे काटे काढत होते.

हात धुऊन त्या भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेल्या. चष्मा नव्हता म्हणून थोरलीला हाक मारली. पुढच्या दोन महिन्यांतले रविवार वाचायला लावले. एक संकष्टी निघाली, ती गेली. एक अमावास्या, उधाण, तीही गेली. मग एका रविवारवर बोट थांबलं.

"सात पाऊण सव्वापाच," त्या म्हणाल्या. "संध्याकाळची. उपास नाही. लाव त्याला फोन."